फुलजत्रेतलं मौनव्रत

माणसं कशी हाताळावीत हे माझ्याकडून शिकावं. जासईच्या कंटेनर यार्डात मी सुपरवायझर आहे. तिथे दोन ट्रेलरवाले एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभे राहिले की भलेभले लांबून जातात. मी मात्र मध्ये जातो, एकाच्या खांद्यावर हात ठेवतो, दुसऱ्याला चहा पाजतो, बोलत राहतो, आणि शेवटी दोघंही गाडी मागे घेतात. विनिता, म्हणजे माझी बायको, म्हणते की तुमचं बोलणं थांबावं म्हणून घेतात. घेतात ना? मग झालं तर.

त्यामुळे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी सत्यवतीबाईंनी माझ्या आईच्या सुक्या मासळीवर बंदी आणायचं ठरवलं, तेव्हा मी विनिताला छातीठोकपणे सांगितलं, "तू अजिबात काळजी करू नकोस. हे प्रकरण मी बोलून मिटवतो."

"म्हणूनच काळजी वाटते," विनिता म्हणाली.

प्रकरण असं होतं. वडील गेल्यापासून आई करंज्याच्या घरात एकटी राहत होती. सगळी हयात उरणच्या बाजारात मासळी विकण्यात गेलेली बाई. तिला रोडपालीच्या आमच्या फ्लॅटवर आणण्यासाठी मी किती नाकदुऱ्या काढल्या ते माझं मला माहीत. आली ती एकाच अटीवर, की गच्चीवर बोंबील वाळवायला मिळाले पाहिजेत. मग काय, दोरीवर बोंबील, जुन्या चादरीवर सुकट, आणि शेजारी हातात काठी घेऊन आई कावळे हाकत बसलेली. आमची कीर्ती शाळेतून सुटली की दप्तरासकट थेट गच्चीवर. दोघींच्या गप्पा, दोघींचं खाणं तिथेच. आई हसायला लागली होती. मला आई डोळ्यांसमोर हवी होती, दुसरं काही नको होतं. त्यापुढे वासाचं काय एवढं!

पण सत्यवतीबाईंचं घर नेमकं गच्चीच्या खाली. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. वास त्यांनी बरेच दिवस सोसला, हे मी खुल्या दिलाने मान्य करतो. पण एक दिवस एका कावळ्याने आईच्या काठीला हुलकावणी दिली, एक बोंबील उचलला आणि नेऊन टाकला तो सत्यवतीबाईंच्या बाल्कनीतल्या तुळशीत. तेही एकादशीच्या दिवशी. आता कावळ्याला पंचांग कळत नाही, हा काही आमचा दोष नव्हता. तरी संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली, की रविवारी सोसायटीचा सत्यनारायण, त्यानंतर सभा, आणि सभेपुढे विषय एकच: गच्चीवर मासळी वाळवण्यास मनाई.

आईने ती कीर्तीकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "बरा. मंग मी करंज्याला जाते."

"आई, तिथे एकटी राहणार तू?"

"येकटी कनाला? माजे बोंबील हायेत ना."

ती चेष्टा करत नव्हती. तिने पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली होती.

नेमकं त्याच आठवड्यात, शनिवारी, सोसायटीची सहल होती. कर्नाळ्याच्या रस्त्यावर जगन म्हात्रे नावाच्या शेतकऱ्याने त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चौदाच्या जानेवारीत, आपल्या घरच्या शेतावर फुलजत्रा भरवली होती. आपल्या हाताने फुलं तोडा, टोपलीभर घरी न्या. मुलांना बैलगाडी, पेंढ्याची घसरगुंडी, शेळीच्या करडांना पाला खायला घालणं, हाताने फिरवायचा लाकडी पाळणा. दुसऱ्या दिवशीच्या पूजेची फुलं तिथूनच आणायची, असं सत्यवतीबाईंनी ठरवलं होतं.

मी म्हटलं, हाच मोका. आईला सोबत न्यायचं. सत्यवतीबाईंना दिसू द्यायचं, की ही किती गरीब, शांत म्हातारी आहे. फक्त अडचण अशी, की आई गरीब असेल, शांत नाही. तिचा आवाज बाजाराच्या एका टोकाला निघाला की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघायचं. आणि सत्यवतीबाईंना काय विचारायचं हेही तिने ठरवून ठेवलं होतं: "तुलशीन बोंबील परला तं तुलस बाटली काय?"

मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. "आई, एक दिवस माझं ऐक. सोसायटीच्या कुठल्याही माणसाशी एक शब्द बोलायचा नाही."

"मना गप बसवतंस? बाजारान वरडून वरडून तुला मोटा केला मी."

"एकच दिवस. बाकी सगळं मी बोलतो."

तिने कीर्तीकडे पाहिलं. कीर्तीने तोंडावर बोट ठेवून दाखवलं, तशी ती विरघळली. "सोसायटीच्या मानसांशी बोलाचा नाय. येवराच ना? चल, दिला सबुद."

कोळणीने दिलेला शब्द म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मिनीबसमध्ये सत्यवतीबाई चढल्या आणि रीतीप्रमाणे आईला म्हणाल्या, "नमस्कार. कशा आहात?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. सत्यवतीबाईंच्या भुवया वर गेल्या. अख्खी बस बघायला लागली. अशा वेळी सामान्य माणूस गडबडतो. मी गडबडलो नाही. मी म्हणालो, "आज आईचं मौनव्रत आहे."

"असं? कशानिमित्त?"

"देवीचं. वर्षातून एकदा असतं. दिवस मावळेपर्यंत."

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. शिळी पापलेटं ताजी म्हणून विकणाऱ्याकडे ती अशीच बघते. पण बोलली नाही. सत्यवतीबाईंचा चेहरा मात्र एकदम मऊ झाला. "अहो, आजकाल मौन पाळणं किती अवघड आहे. आमच्या शाळेत पाच मिनिटं कोणी गप्प बसत नसे." आणि त्यांनी चक्क आईला पुढची, ऊन न लागणारी जागा दिली. मी विनिताकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तिने कपाळावर हात ठेवला होता.

जगनच्या शेतावर पोचलो तर काय थाट! एका अंगाला झेंडूचे पिवळे नि केशरी पट्टे, दुसऱ्या अंगाला पांढरी शेवंती. वाटेवर कनाती, कनातीवर कर्णा, आणि कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला माईक हातात घेऊन स्वतः जगन. "पावनेमंडली, फूल देठाशी नखान खुडाचा, झार वोरू नका. दोरीच्या पलीकरं जाव नका, ती फुलां बियान्याची हायेत, माज्या आयशीनं राखलीत."

आम्ही टोपल्या घेऊन आत घुसलो. सत्यवतीबाईंनी तिथेही शाळा भरवली. "सगळ्यांनी आपापली फुलं एकत्र करायची. आधी पूजेची काढू, मग उरलेली घरोघर वाटून घेऊ." मी त्यांच्या टोपलीशेजारी टोपली धरून फुलं खुडत होतो आणि हळूहळू विषयाला हात घालत होतो. "बाई, निसर्ग बघा. फुलाला वास असतो, तसा प्रत्येक वस्तूला..." एवढ्यात माझ्या हातात फुलाऐवजी मुळासकट अख्खं झाड आलं. कर्ण्यावरून आवाज आला, "निला शर्ट, निला शर्ट, झार परत लाव."

निळा शर्ट मीच होतो. झाड परत लावलं. ते आडवं झालं, पण लावलं.

जांभळाच्या झाडाखाली सगळ्यांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. ओल्या गोणपाटावर फुलांचा हा ढीग! तेवढ्यात मोठ्यांसाठी बैलगाडीची फेरी निघाली. मुलांची आधीच झाली होती. प्रश्न आला, फुलं कोण राखणार आणि मुलं कोण बघणार?

"ठमाबाई बसतील की," सत्यवतीबाई म्हणाल्या. "मौनात असलेल्या माणसाइतका भरवशाचा राखणदार नाही."

आईने मान डोलावली. मी म्हणालो, "बघा बाई, किती शांत आहे." एवढं बोलून आम्ही गाडीत बसलो.

गाडी शेताला मोठा वळसा घालते. मी सत्यवतीबाईंच्या शेजारचीच जागा पकडली होती आणि करंज्याचं घर, आईचा एकटेपणा, पावसाळ्यात लागणारी मासळी, असं सगळं रंगवून सांगत होतो. बाई ऐकत होत्या. एकदा तर "हं" असंही म्हणाल्या. मी मनात म्हटलं, आनंदा, जिंकलास.

आणि पलीकडच्या बांधावरून, वाऱ्यावर स्वार होऊन, आवाज आला.

"ये गो बाय! ताजा हाय, आताच उतरलाय! हात लावून बघ, नुसता बघू नको!"

बैलांनी कान टवकारले. मी डोळे मिटले.

"हा आवाज कोणाचा?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"कुठला? हा? शेजारच्या दुकानाचा असेल. जत्रा आहे ना."

"शेवटचे वाटे! मंग बोलू नको, ठमाबाईनी ठेवला नाय!"

विनिता तोंडावर पदर घेऊन हसत होती. गाडीवानाला मी दोनदा सांगितलं की जरा सावकाश घे, पण बैल घराकडे वळले की कोणाचं ऐकतात?

जांभळाखाली पोचलो. गोणपाट मोकळं होतं. त्यावर चार पाकळ्या होत्या. आई पदराची गाठ सोडून गोळेवाल्याला पैसे देत होती आणि सोसायटीची झाडून सगळी पोरं ओळीने बसून बर्फाचा गोळा चोखत होती. सगळ्यांची तोंडं लालभडक. असं सुख मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"फुलं कुठायत?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटले. सोसायटीचं माणूस ना!

शेवटी कीर्तीने सांगितलं. आजीने ढिगातून भराभर वाटे मांडले, घरागणिक एक. होडीवर मासळी आली की सगळ्यांना सारखा वाटा, तसे. वाटे छान मांडून झाले आणि दुसऱ्या बसमधून उतरलेली एक बाई आली. तिने ओलं गोणपाट पाहिलं, वाटे पाहिले, मागे काष्टा नेसलेली कोळीण पाहिली आणि विचारलं, "मावशी, वाटा कसा?"

आता मला सांगा, जी बाई आयुष्यभर हाच प्रश्न ऐकत आली, तिने काय करायचं? सैनिकाला शिट्टी ऐकू आली तर तो उभा राहणारच. बोहनीच्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं आमच्यात पाप आहे. आईने भाव सांगितला, बाईने तो पाडून मागितला, आईने तिला तिच्या माहेरचं विचारलं, आणि वाटा गेला. त्याच्यामागे रांग लागली. लोकांना वाटलं जगनचाच ठेला आहे. आलेले पैसे पोरांचे, म्हणून पोरांना गोळा.

"पूजेची फुलं विकली?" सत्यवतीबाईंचा आवाज थरथरत होता. "देवाची फुलं? आणि हे मौन?"

आई गप्प. मी म्हणतो, त्या क्षणी तिने तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीही घडलं नसतं. पण शब्द म्हणजे शब्द. ती नुसती माझ्याकडे बघत होती आणि हनुवटीने मागे कुठेतरी खुणावत होती. मला वाटलं, ती म्हणते आहे, चल घरी.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही शांत व्हा. पूजेच्या फुलांची जबाबदारी माझी. आत्ता घेऊन येतो." आणि उत्तराची वाट न बघता निघालो. आई मागून "हुं! हुं!" करत होती. मला ते प्रोत्साहन वाटलं.

जगनकडे गेलो. तो म्हणाला, "दादा, आजची तोरनी बंद झाली. उरल्या त्या कल्या. उद्या या." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो काढला. मी चहा विचारला. त्याने पाठ फिरवली. शेतकऱ्यावर ट्रेलरवाल्याचं औषध लागू पडत नाही, ही एक नवी माहिती मला मिळाली.

मग उरली ती दोरीपलीकडची फुलं. काय एकेक फूल होतं, नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढं. बियाण्याची असतील, मान्य. पण इकडे देवाचं काम अडलंय, माझ्या आईचं घर अडलंय, आणि तुम्ही मला दोरी दाखवता? मी दोरी ओलांडली. आजही मला त्याची लाज वाटत नाही. थोडी वाटते, पण ती वेगळ्या कारणासाठी. ते सांगतो.

टोपली नव्हती, म्हणून मी शर्ट काढून त्याची झोळी केली आणि बनियनवर फुलं खुडायला लागलो. देठाशी, नखाने, नियमाप्रमाणे. झोळी अर्धी भरली आणि समोरून जगन येताना दिसला. पळावं तर दोन्हीकडे काटेरी कुंपण. बसावं तर झाडं गुडघ्याएवढी. मधोमध एक बुजगावणं उभं होतं. त्याच्या डोक्यावरची टोपली मी माझ्या डोक्यावर घातली, त्याला खाली झोपवलं, त्याच्या जागी दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि श्वास रोखला.

जगन बघून गेला. मला माझाच अभिमान वाटला.

पण त्याच्यामागून एक कुटुंब आलं. बाई म्हणाली, "अय्या, बुजगावणं! बंटी, जा, जवळ उभा राहा. फोटो काढू." बंटी दोरीखालून येऊन माझ्या पोटाशी उभा राहिला. मग बंटीची बहीण. मग कोणाची तरी आत्या. बघता बघता माझ्यापुढे रांग. घसरगुंडी ओस पडली, शेळ्या एकट्या पडल्या. जत्रेतलं सगळ्यात लोकप्रिय आकर्षण मी होतो. नाकावर माशी बसली तरी मी हललो नाही. आमच्यात जिद्द उपजतच असते.

"पप्पा," बंटी म्हणाला, "बुजगावण्याला चष्मा आहे."

"त्याला लांबचं दिसत नसेल," पप्पा म्हणाले.

"पप्पा, त्याला घाम आलाय."

आवाज ऐकून जगन परत आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, खाली झोपलेल्या बुजगावण्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आमच्यान बुजगावना येकच व्हता."

मी त्याला समजावून सांगणार होतो. पण तो गेला आणि दोनच पळांत कर्णा बोलू लागला. "रोडपालीची गुलमोहर सोसायटी, गुलमोहर सोसायटी. तुमचा बुजगावना आमच्याकरं हाय. येऊन घेऊन जा."

सगळी सोसायटी आली. पुढे सत्यवतीबाई, मागे विनिता, तिच्यामागे लाल तोंडांची पोरं, आणि सगळ्यांत शेवटी आई, कमरेवर हात ठेवून. मी बनियनवर, डोक्यावर टोपली, हात अजून पसरलेले. खाली घ्यायचं सुचलंच नाही.

जगनने फुलांची झोळी वर धरली. "बियान्याची फुलां तोरली यांनी. माजी आय वरीसभर बी राखते. मी आता तिला काय सांगू?"

"आनंदराव," सत्यवतीबाई म्हणाल्या, "तुमच्या आईंनी देवाची फुलं विकली आणि तुम्ही चोरलीत. उद्याच्या सभेत आता बोलायला उरलं तरी काय?"

त्या बरोबर बोलत होत्या. डोळ्यांसमोर पलंगाखालची ट्रंक आली. करंज्याचं बंद दार दिवेलागणीला एकटीच उघडणारी आई दिसली. मी टोपली काढली आणि आईला म्हणालो, "आई, बोल आता. तुझा शब्द मी परत केला. हे मौन देवीचं नव्हतं बाई, माझं होतं. मीच तिला गप्प बसायला लावलं."

"नक्की?" आईने विचारलं. दिवसभरातला सोसायटीच्या हद्दीतला तिचा पहिला शब्द.

"नक्की."

आई वळली आणि ताडताड चालत जांभळाकडे गेली. सगळे मागे. खोडाच्या पलीकडे, सावलीत, ओल्या फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं. तिने फडकं उचललं. खाली भरगच्च टोपली. ढिगातला सगळ्यात मोठा झेंडू, सगळ्यात पांढरी शेवंती, एक पाकळी मोडलेली नाही.

"देवाचा वाटा पयला काडाचा," आई म्हणाली. "मंग होरीचा, मंग मानसांचा. देवाचा वाटा काडल्याबिगर मी आजपरतूर कोलबीला पन हात लावला नाय. तुमीच बोल्लाव ना, आदी पूजेची काडू? काडली. उरलीं तीं वाटलीं. वाटं घरांचं व्हतं, तीं मी इकलीं, ती चूक माजी. पोरांनी गोलं मागलं."

सत्यवतीबाई टोपलीकडे बघत होत्या. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमाशी बोलाचा नाय, असा सबुद दिल्ता."

"पण तुम्ही तर सबंध जत्रेला ऐकू जाईल असं ओरडत होतात."

"तीं गिराइकां व्हतीं," आई म्हणाली. "सोसायटीचीं नवतीं."

सत्यवतीबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मी तो पाहिला आणि म्हणूनच सांगतो, त्या बाईंना हसता येतं. पुढचं सगळं भराभर झालं. आईने जगनच्या म्हाताऱ्या आईला गाठलं, तिच्याशी गावकीचं कुठलंतरी नातं काढलं आणि माझ्या झोळीतली फुलं बियाण्यासाठीच वाळवायची, म्हणजे काही वाया जाणार नाही, असं दोघींनी ठरवून टाकलं. फुलांबरोबर शर्टही तिथेच राहिला. वाळवायला कापड लागतं म्हणे. मी बनियनवर रोडपालीला आलो. बसमध्ये मी एक शब्द बोललो नाही. आई सत्यवतीबाईंच्या शेजारी बसली होती आणि तिने अखेर तो प्रश्न विचारलाच: "बाय, तुलशीन बोंबील परला तं तुलस बाटली काय?"

"तुळस नाही बाटली हो," सत्यवतीबाई म्हणाल्या. "पण मी पूजेला बसले होते आणि वरून तो माझ्या पुढ्यात. मी किंचाळले. माझ्या सुनेला वाटलं मला काही झालं."

आई हसून हसून खिडकीवर डोकं आपटायची बाकी राहिली. मग त्याही हसल्या. मी दिवसभर बोलून जे केलं नाही ते, म्हणजे, जे मी दिवसभर जमवत आणलं होतं, ते तिथे पूर्ण झालं, असं माझं मत आहे.

रविवारी पूजा झाली. देवाच्या वाट्याच्या फुलांनी चौरंग मढला होता. प्रसाद वाटून झाला आणि सभा सुरू झाली. आई कोपऱ्यात बसली होती. ट्रंक भरून दाराशी ठेवली होती, कारण कोळीण बाजार उठेपर्यंत हिशोब धरत नाही. मी भाषण तयार करून आणलं होतं. त्यात निसर्ग होता, परंपरा होती, कावळाही होता. मी उभा राहिलो, घसा साफ केला.

"आनंदराव, बसा," सत्यवतीबाई म्हणाल्या.

मी बसलो.

"माझा विषय मी मागे घेते," त्या म्हणाल्या. "ज्या बाईने रागावलेल्या माणसासमोर दिलेला शब्द मोडला नाही, तिच्या शब्दावर मी गच्चीचा कोपरा देते. टाकीच्या पलीकडचा. माझ्या खिडकीवर वारा येणार नाही असा. वर जाळी लावायची. आणि पुन्हा कावळा आला तर?"

"तं मीच तुमच्या तुलशीला पानी घालीन म्हयनाभर," आई म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कीर्ती धावत गेली आणि ट्रंकेवर बसली. मला भरून आलं. मी परत उभा राहिलो, कारण अशा वेळी कोणीतरी चार शब्द बोलायला हवेत.

"एक दुसरा ठराव आहे," सत्यवतीबाईंनी मला थांबवलं. "देवीच्या नावाने खोटं मौन सांगितल्याबद्दल, आनंदरावांनी वर्षभर सोसायटीच्या सभेत खरं मौन पाळावं. ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

मी मागे वळून आईकडे पाहिलं. माझ्या बाजूने कोण आहे ते कळावं, म्हणून. पहिला हात तिचाच वर होता. दुसरा विनिताचा. कीर्तीला मत नव्हतं, तरी तिने दोन्ही हात वर केले.

ठराव एकमताने मंजूर झाला. मला तो मुळीच मान्य नाही, हे मी इथे ठासून सांगतो. सांगायला दुसरी जागाच ठेवलेली नाही.